देशाचं आयुर्मान कशानं वाढतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात देशोदेशींच्या सरासरी आयुर्मानाचा तक्ता दिला होता. जपान ८४च्या आसपास, अमेरिका ७८, भारत ७०, राज्यांत केरळ ७५ आणि महाराष्ट्र ७२-७३. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच होता: हे आकडे खाण्यापिण्यानं ठरतात, की डॉक्टर आणि औषधांनी? निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : भारताचं सरासरी आयुर्मान ७० आहे आणि माझं वय ६४. म्हणजे मला सहाच वर्षं उरली असं समजायचं का? (एक वाचक, सांगली)

मुळीच नाही. ७० हा आकडा आज जन्मलेल्या बाळाचा आहे. आज ज्या ज्या वयात जितके लोक दगावतात, तोच दर त्या बाळाच्या पिढीला जन्मभर लागू राहिला, तर ती पिढी सरासरी किती जगेल, याचं ते गणित. तुम्ही बालपणाचे आणि तरुणपणाचे धोके मागे टाकून आला आहात. साठी गाठलेल्या भारतीयापुढे सरासरी आणखी १८ वर्षांच्या आसपास आयुष्य असतं, बायकांपुढे थोडं जास्त.

हे गणित घरीही करून पाहता येतं. समजा, एका गावात १०० बाळं जन्मली. १० बाळं वर्षाच्या आत गेली आणि उरलेली ९० प्रत्येकी ७० वर्षं जगली. ९० गुणिले ७० म्हणजे ६३००, भागिले १००, सरासरी ६३. आता मोठ्या माणसांचं आयुष्य एका वर्षानं वाढवा, सरासरी होते ६३.९. त्याऐवजी बाळांचे मृत्यू १०वरून २वर आणा, म्हणजे ९८ गुणिले ७०. सरासरी थेट ६८.६. लहान वयातला एक मृत्यू टळला की एकूण बेरजेत सत्तर वर्षांची भर पडते.

स्वातंत्र्याच्या वेळी आपलं आयुर्मान ३२च्या आसपास होतं, त्याचा अर्थही यातूनच कळतो. तेव्हा माणसं बत्तिशीत म्हातारी होत नव्हती. सत्तरीचे आजोबा तेव्हाही घरोघर होते, पण त्यांची निम्मी भावंडं लहानपणीच गेलेली असत. १९७१मध्येसुद्धा भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांतली १२९ वर्षाच्या आत दगावत होती. २०२०मध्ये हा आकडा २८वर आला, महाराष्ट्रात १६वर, केरळात ६वर. देवी गेली, लसी आल्या, पाणी सुधारलं, मुली शिकल्या, जुलाबावर जलसंजीवनी आली. १९७१च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीनं शंभरातले तीस रुग्ण दगावत होते. सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडानं द्यायला लावलं आणि मृत्यू शंभरात चारच्याही खाली आले.

त्या पाण्याचं प्रमाण अजूनही घराघरांत चुकतं, म्हणून पुन्हा देतो: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ शिगोशीग घेतलं तर बाळाला अपाय होतो. तयार पाकीट एक लिटरचं असेल तर सगळं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच विरघळवायचं. पेल्यात थोडी थोडी पूड टाकून दिली की प्रमाण हमखास बिघडतं. उरलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. सोबत दिलेली झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्यायची.

प्रश्न : जपानी लोक मासे, हिरवा चहा आणि कमी खाण्यामुळे इतके जगतात ना? मग आपण त्यांच्या इस्पितळांचं कौतुक कशाला करायचं? (एक वाचक, पुणे)

मासे आणि चहा जपानी माणूस शेकडो वर्षं घेत आला. तरीही १९४७मध्ये जपानी पुरुषांचं आयुर्मान ५० आणि बायकांचं ५४ होतं. १९५१ ते १९८० या काळात तिथे मृत्यूचं पहिलं कारण पक्षाघात होतं, आणि त्यामागे त्यांचा तोच पारंपरिक आहार होता: खारवलेले मासे, खारवलेल्या भाज्या, मिसो नावाच्या खारट आंबवणाचं सूप. उत्तरेकडच्या थंड भागात माणशी रोज २० ग्रॅमच्या वर मीठ पोटात जाई.

या बाबतीत नागानो हा डोंगराळ प्रांत मुळापासून पाहण्यासारखा आहे. हिवाळा लांब, समुद्र नाही, भाजी खारवूनच टिकवायची. १९६०च्या दशकात पक्षाघाताच्या मृत्यूंत नागानो देशात अग्रभागी होता. पुढे २०१०च्या गणनेत पुरुष आणि बायका दोघांच्याही आयुर्मानात नागानो जपानमध्ये पहिला आला.

सुरुवात खूप आधी झाली होती. तोशिकाझु वाकात्सुकी नावाचे शल्यचिकित्सक १९४५मध्ये नागानोतल्या साकू इथल्या छोट्या इस्पितळात रुजू झाले. शेतकरी दुखणं अंगावर काढून फार उशिरा येतात, हे पाहून ते सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव जाऊ लागले, तपासण्या करू लागले, लोकांना समजावं म्हणून नाटुकली बसवू लागले. १९५९मध्ये याचिहो या गावात त्यांनी अख्ख्या गावाची दर वर्षी तपासणी सुरू केली. प्रत्येकाच्या हाती आरोग्यवही दिली, तिची दुसरी नोंद दप्तरी ठेवली. त्यामुळे कुणाचा रक्तदाब मागच्या वर्षीपेक्षा चढला, हे वही उघडली की कळायचं. त्यांना १९७६चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि वृद्धांच्या आरोग्यासाठी १९८३पासून जपानभर लागू झालेल्या कायद्यात याचिहोची पद्धत उतरली.

दुसरं काम वस्त्यांमधल्या बायकांनी केलं. नागानोत आरोग्य-स्वयंसेविका असतात. साधारण दोन वर्षांची पाळी असते, मग शेजारची दुसरी बाई येते. त्यांनी घरोघर जाऊन मिसो सूपचा खारटपणा मापून दाखवला, सूप पातळ करायला आणि त्यात भाज्या वाढवायला शिकवलं, खारवलेल्या भाजीची ताटली लहान करायला लावली. भाजी खाण्यात हा प्रांत आज देशात पुढे आहे. थंडीनं रक्तदाब चढतो म्हणून घरातली निदान एक खोली उबदार ठेवण्याची मोहीमही चालली.

म्हणजे आहार बदलला, पण तो बदलायला लावणारी माणसं आरोग्यव्यवस्थेनं तयार केली होती. आणि ज्यांचा रक्तदाब आहारानं उतरला नाही, त्यांना गोळ्या मिळाल्या, कारण १९६१पासून जपानमध्ये प्रत्येकाला आरोग्यविमा आहे. यातलं एक काढून घेतलं असतं तर दुसरं अपुरं पडलं असतं.

आता उलट उदाहरण, ओकिनावा. रताळी, टोफू आणि कारलं खाणारी, शंभरी गाठणारी माणसं म्हणून ही बेटं जगभर गाजली. १९८०च्या दशकात तिथले पुरुष आयुर्मानात देशात पहिले होते. पण युद्धानंतर १९७२पर्यंत बेटांवर अमेरिकी प्रशासन होतं. डब्यातलं डुकराचं मांस, हॅम्बर्गर, तळण रोजच्या जेवणात आलं, आणि चालायच्या जागी मोटार आली. २००० साली ४७ प्रांतांत ओकिनावाचे पुरुष २६वे आले, २०१५मध्ये ३६वे. म्हातारी पिढी टिकून होती. गळती लागली ती मधल्या वयात. इस्पितळं दोन्ही प्रांतांत जपानचीच, विमाही तोच. जीवनशैली बिघडली की चांगली वैद्यकीय सेवासुद्धा किती कमी पडते, ते इथे दिसतं.

प्रश्न : अमेरिकेत जगातली उत्तम इस्पितळं आहेत. माझा मुलगा तिथेच असतो. तरी त्यांचं आयुर्मान जपानपेक्षा पाच-सहा वर्षांनी कमी कसं? (एक वाचक, ठाणे)

अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करते. पण तिथले बरेच मृत्यू इस्पितळाच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत एक लाखाहून अधिक माणसं अमली पदार्थांच्या अतिसेवनानं गेली, तर बंदुकीच्या गोळीनं वर्षाला ४८ हजारांच्या आसपास. यांत तरुण फार. पंचविशीतला एक मृत्यू सरासरीच्या बेरजेतून पन्नास वर्षं वजा करतो. ऐंशीच्या रुग्णावरची महागडी शस्त्रक्रिया त्यात दोन-तीन वर्षांची भर घालते. वर लठ्ठपणा, आणि विमा नाही म्हणून तपासणी पुढे ढकलणारे लोक. कोविडच्या लाटेत २०१९चं ७८.८ हे आयुर्मान २०२१मध्ये ७६.४वर घसरलं, पुढे हळूहळू सावरलं.

तरी वैद्यकाला कमी लेखू नका. १९८० ते २००० या काळात अमेरिकेत हृदयविकाराचा मृत्युदर जवळजवळ निम्मा झाला. त्या घटीचा हिशेब २००७मध्ये मांडला गेला: सुमारे ४७ टक्के श्रेय उपचारांना आणि ४४ टक्के धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब कमी झाल्याला. त्यातही लठ्ठपणा आणि मधुमेह वाढल्यानं काही कमाई हातची गेली.

प्रश्न : आमचे आजोबा रोज तंबाखू खायचे, ९२ वर्षं जगले. मग तंबाखूला इतका दोष का? (एक वाचक, जळगाव)

तंबाखूमुळे पंचेचाळिशीत गेलेल्यांचे दाखले द्यायला त्यांची नातवंडं जन्मालाच आली नाहीत. जे उरले, त्यांच्याच गोष्टी आपल्या कानावर येतात.

विड्या-सिगारेटी ओढणाऱ्याचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटतं, हे ब्रिटिश डॉक्टरांच्या ५० वर्षांच्या पाहणीतून दिसलं. त्याच पाहणीतली आशेची बाजू अशी: तिशीत सोडली तर जवळपास दहाही वर्षं परत मिळतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीतसुद्धा तीन. महाराष्ट्रात ओढणारे कमी आहेत. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी चारच टक्के ओढत होते, पण २४ टक्के लोक तंबाखू-चुना, गुटखा, मिश्री अशा रूपात घेत होते. मिश्री लावणाऱ्या बायका तिला दंतमंजन समजतात, म्हणून डॉक्टरांनी विचारलं तर "व्यसन नाही" असं सांगतात. घरात कुणी लावत असेल तर महिन्यातून एकदा उजेडात तोंड पाहा: पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, किंवा स्वतःची तीन बोटं उभी तोंडात न मावणं. यातलं एकही दिसलं तर लगेच दाखवा. सोडण्यासाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११२-३५६ विनामूल्य आहे.

प्रश्न : घरच्या यंत्रावर रक्तदाब दर वेळी वेगळा येतो. गोळी सुरू केली की जन्मभर घ्यावी लागते म्हणून टाळतोय. त्रास तर काहीच नाही. (एक वाचक, नाशिक)

त्रास नसतो हाच या आजाराचा मोठा धोका. चाळीस ते सत्तर या वयात वरचा आकडा २०नं चढला की पक्षाघातानं आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि १०नं उतरवला तर पक्षाघाताचा धोका पावभर कमी होतो. एका स्वस्त गोळीत इतकं बळ आहे. म्हणून आधी आकडा खरा आहे का ते पाहू.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकून खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. हात खाली लोंबकळला की आकडा वाढतो. बोलत राहिलात तरी वाढतो. पट्टा उघड्या दंडावर बांधा, बाहीवरून नको. सगळ्यात जास्त गफलत पट्ट्याच्या मापात होते: जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब नसताना दिसतो. आतल्या फुग्यानं दंडाचा चार पंचमांश घेर व्यापला पाहिजे. मनगटावरचं यंत्र घेऊ नका, दंडावरचं घ्या. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा आणि ज्यात जास्त येईल तोच हात पुढे वापरा. सकाळी गोळी-नाश्त्याआधी दोनदा, रात्री दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून, असं सात दिवस लिहून ठेवा. पहिला दिवस वगळून बाकीच्यांची सरासरी काढा. ती घरी १३५/८५ किंवा वर आली तर डॉक्टरांकडे वही घेऊन जा. दर वेळी पाच-दहाचा फरक स्वाभाविक आहे, त्यानं यंत्र बिघडलं असं होत नाही.

"जन्मभर" या शब्दाला लोक बिचकतात आणि मग आकडा उतरला की गोळी बंद करतात. तो गोळीनंच उतरलेला असतो, त्यामुळे परत चढतो. अॅम्लोडिपिननं घोट्यांना सूज आली, एनालाप्रिलनं कोरडा खोकला आला, तर स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगा; पर्यायी गोळ्या आहेत. गुडघेदुखीसाठी दुकानातून घेतलेली डायक्लोफिनॅकसारखी औषधं रक्तदाब वाढवतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. घेत असाल तर आवर्जून सांगा. भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांत सरकारी केंद्रांतून रक्तदाबाचा कार्यक्रम आधी सुरू झाला, आणि त्याची रीत नागानोच्या वहीशी जुळणारी आहे: ठरावीक गोळ्या, महिन्याभराचा साठा एकदम, आणि तारीख चुकवणाऱ्याला निरोप पाठवणं. आपल्याकडे रुग्ण निसटतो तो नेमका तारीख चुकल्यावर.

प्रश्न : मीठ कमी करा म्हणता, पण किती खातो ते कळणार कसं? सैंधव वापरलं तर चालेल का? (एक वाचिका, कोल्हापूर)

मिठाच्या पुड्यावर फोडल्याची तारीख लिहा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी रोज ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात विकतचं सगळं धरून. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम. तुमचा किलोचा पुडा २० दिवसांत संपत असेल तर माणशी साडेबारा ग्रॅम झाले, आणि लोणचं, पापड, फरसाण, पाव, बिस्किटं त्याच्या वर. लोणचं घरीच घातलं असेल तर ते मीठ मात्र पुड्यातच मोजलं गेलेलं असतं.

कापायचं कुठे? आधी ताटातल्या डाव्या बाजूला. ताटात मीठ वाढायची पद्धत बंद करा. लोणचं, पापड, ठेचा हे तिन्ही एका जेवणात नकोत. भात आणि भाकरीच्या पिठात मीठ घालायची गरज नसते. आमटी-भाजीतलं मीठ एकदम अर्धं केलंत तर घरात कुणी जेवणार नाही. दर आठवड्याला चिमूटभर कमी करत गेलात तर दीड-दोन महिन्यांत जीभ सरावते. लिंबू, कोकम, ओलं खोबरं, कोथिंबीर यांनी चव राखता येते. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतं.

सैंधव म्हणजे जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, शिवाय त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. त्यानं काही साधत नाही. पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ मात्र उपयोगी आहे. चीनमधल्या ६०० गावांत, पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा रक्तदाब असलेल्या साठीपुढच्या लोकांना तीन भाग साधं मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण दिलं. २०२१मध्ये निष्कर्ष आला, पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घेऊ नका. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

प्रश्न : सुनेचं बाळंतपण चांगल्या इस्पितळात झालं. तरी आशाताई पुन्हा पुन्हा घरी येते. आता तिची काय गरज? (एक वाचिका, चंद्रपूर)

फार गरज आहे. तिला घरात घ्या आणि बाळ उघडं करून पाहू द्या. ही भेट तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात जन्मली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं: बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, ऊब राखायची, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. ३९ गावांतल्या या कामाचे निष्कर्ष १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिसऱ्या वर्षी तिथे पहिल्या महिन्यातले बालमृत्यू, तुलनेच्या गावांच्या हिशेबानं, ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११पासून ही पद्धत देशभर आशांच्या कामात आली. पहिल्या उत्तरातलं १०वरून २वर येणारं गणित प्रत्यक्षात असं घडतं.

इस्पितळात बाळंतपण झालं असेल तर तिची भेट ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी असते. यातली एकही चुकवू नका. मधल्या दिवसांत तुम्ही पाहायचं ते असं: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा, ६० किंवा जास्त भरली तर पुन्हा मोजा, आणि पुन्हा तेवढीच आली तर इस्पितळ गाठा. छाती आत ओढली जाणं, अंगावर न पिणं, मलूल पडणं, झटके, काखेतलं तापमान ३७.५ सेल्सियसच्या वर किंवा ३५.५च्या खाली, यांतलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. १०८वर फोन करा. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत ते जन्मवेळच्या वजनाला परत यायला हवं.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगणं: पहिला चीक पिळून टाकू नका, मध-घुटी चाटवू नका, नाळेवर हळद-तेल लावू नका, पहिले २४ तास आंघोळ घालू नका. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरून वरून पांघरूण घ्या. जितके तास जमेल तितके धरा. आजीनं किंवा बापानं धरलं तरी चालतं.

प्रश्न : आयुष्य वाढून शेवटची दहा वर्षं अंथरुणातच काढायची असतील तर काय फायदा? (एक वाचक, पणजी)

निरोगी वर्षांची मोजणी वेगळी होते. २०१९चे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे पाहिले तर भारताचं आयुर्मान ७०.८ आणि त्यातली निरोगी वर्षं ६०.३. मधली साडेदहा वर्षं सगळीच अंथरुणातली नसतात. मोतीबिंदू, बहिरेपणा, गुडघे, मधुमेह, खिन्नता यांनी उणी झालेली वर्षं त्यात धरतात, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. मोतीबिंदू 'पिकायची' वाट पाहू नका.

अंथरुणाला खिळवतं ते बहुतेकदा एक पडणं. हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसा आणि वेळ लावा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर मांड्या दुबळ्या झाल्या आहेत. मग हाच व्यायाम करायचा: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, ओट्याला धरून दहा वेळा चवड्यांवर उभं राहणं, दिवसातून दोनदा. रोजच्या चालण्याला हा पर्याय नाही. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं चालणं हवंच. दोन्ही जेवणांत डाळ, दही, अंडं किंवा मासळी असू द्या. न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा बसवा, टॉवेल अडकवायचा नव्हे, अंगाचा भार पेलणारा. रात्री लघवीला जायच्या वाटेवर दिवा ठेवा. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या खरंच हव्यात का, हे डॉक्टरांना विचारा. म्हातारपणी रात्रीच्या पडण्यामागे त्या वरचेवर असतात.